एचआयव्ही

एचआयव्ही (ह्यूमन इम्युनोडेफिशियन्सी व्हायरस) : माणसाची रोगप्रतिकारशक्ती खच्ची करणारा पश्चविषाणू (रेट्रोव्हायरस). तो मुख्यतः रक्तातील सीडी४ पेशींत (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींत) शिरतो, आपल्या आरएनए या जनुकीय द्रव्याची डीएनए प्रत तयार करतो आणि ती पेशीच्या गुणसूत्रात बेमालूम जोडून देतो. औषधांनी त्याची वाढ थांबते, पण तो शरीरातून समूळ जात नाही, याचे कारण हेच. सीडी४ पेशींची संख्या दर घन मिलिमीटरला २००च्या खाली गेली किंवा काही ठरावीक संधिसाधू (प्रतिकारशक्ती घटल्याचा फायदा घेणारे) आजार जडले, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. बोलीत मात्र संसर्गालाच सरसकट ‘एड्स’ म्हटले जाते. ही गल्लत साधी नाही. तिच्यामुळे वाटणाऱ्या धास्तीने लोक तपासणी टाळतात.

उगम : एचआयव्ही-२ हा पश्चिम आफ्रिकेतील सूटी मँगबी माकडांकडून माणसात आला. एचआयव्ही-१चे एम, एन, ओ व पी असे चार गट असून प्रत्येक गट वानरांकडून स्वतंत्रपणे माणसात शिरला असावा. जगभर पसरलेल्या एम गटाचे जवळचे नातलग आग्नेय कॅमेरूनमधील चिंपांझींत सापडतात. शिकारीत किंवा मांस कापताना रक्ताशी संपर्क येऊन तो आला, हे मत आज सर्वाधिक ग्राह्य आहे. काळाबाबत एकमत नाही. एम गटाचा सर्वांत जुना ज्ञात नमुना १९५९ सालचा, लिओपोल्डव्हिल (आजचे किन्शासा) येथील आहे. जनुकीय बदलांच्या वेगावरून २००८मध्ये केलेल्या गणिताने मूळ पूर्वज १८८४ ते १९२४ दरम्यानचा ठरवला. २०१४च्या अभ्यासाने प्रसाराचे केंद्र किन्शासा व काळ १९२०च्या सुमाराचा मानला. तेथून रेल्वेमार्गांनी तो पसरला, ही मांडणी पटण्याजोगी आहे. काँगोत १९५७ ते १९६० दरम्यान पाजलेल्या पोलिओ लसीतून तो आला, हा एकेकाळी गाजलेला तर्क मात्र टिकत नाही : वरील कालगणना लसीच्या बरीच आधीची आहे, आणि लसीच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांत चिंपांझीचा अंश आढळला नाही.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९८३मध्ये हा विषाणू प्रथम वेगळा करण्यात आला.

भारत : सुनीती सॉलोमन व सेलप्पन निर्मला यांनी १९८६मध्ये मद्रासमध्ये पहिले संसर्ग शोधले. भारतात एचआयव्ही-१चा ‘सी’ उपप्रकार प्रामुख्याने आढळतो. गोव्यात रक्तदानानंतर संसर्ग उघड झालेले डॉमिनिक डिसोझा यांना १९८९मध्ये सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली ६४ दिवस डांबून ठेवले गेले. आजारी माणसाला गुन्हेगार ठरवणारी ही वागणूक चुकीची होती. भेदभावाला मनाई आणि तपासणीपूर्वी संमतीची अट घालणारा केंद्रीय कायदा व्हायला २०१७ साल उजाडले. तो १० सप्टेंबर २०१८पासून लागू झाला.

प्रतिबंध : निरोध, दर वेळी नवी सुई व तपासलेले रक्त हे मुख्य उपाय. गरोदरपणात आईला व जन्मानंतर बाळाला औषधे दिल्यास बाळाला लागण होण्याचा धोका ५ टक्क्यांखाली येतो. उपचाराविना तो १५ ते ४५ टक्के असतो. सुई टोचण्यासारखा अपघात झाल्यास ७२ तासांच्या आत, आणि खरे तर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, औषधे सुरू करून ती २८ दिवस घ्यावी लागतात. लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे तपासणी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते, म्हणून ती पुन्हा करतात.

उपचार : १ एप्रिल २००४पासून सरकारी एआरटी (विषाणूरोधक उपचार) केंद्रांत औषधे मोफत मिळू लागली. आता सीडी४ची संख्या कितीही असली तरी उपचार सुरू करतात. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन व डोल्युटेग्रॅव्हिर मिळून रोज एकच गोळी, तीही जन्मभर. केंद्रावर जाताना रुग्णाने जुनी बाटली सोबत न्यायची असते. समुपदेशक उरलेल्या गोळ्या मोजतात आणि चुकलेले दिवस तिथेच कळतात. खाडे झाले की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. नियमित गोळ्यांनी रक्तातील विषाणूभार मोजता न येण्याइतका कमी झाला व तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. क्षयरोग हाही संधिसाधू आजार असल्याने त्याच्या लक्षणांची चौकशी प्रत्येक भेटीत होते : खोकला, ताप, घटलेले वजन, रात्रीचा घाम.