दात हिरडी फाडून येत नाही

‘दात येताहेत ना, मग जुलाब होणारच.’ घरात सहा-सात महिन्यांचं बाळ असलं की हे कुणीतरी म्हणतंच, आणि डॉक्टरकडे जाणं दोन दिवस लांबतं. हे म्हणणाऱ्याच्या मनात एक चित्र असतं: दात हिरडी फाडत वर घुसतोय आणि त्याची झळ साऱ्या अंगाला बसतेय. गफलत या चित्रातच आहे.

दुधाच्या दातांची तयारी गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. बाळ जन्मतं तेव्हा विसही दात जबड्याच्या हाडात अर्धवट घडलेले असतात, प्रत्येक आपापल्या पिशवीत. खरी गंमत या पिशवीची. काहिल आणि मार्क्स या अमेरिकी संशोधकांनी १९८०च्या आसपास कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग केले. दात तसाच ठेवून पिशवी तेवढी काढली, तर दात जागचा हलला नाही. मग उलटं केलं. पिशवी ठेवली आणि आतल्या दाताच्या जागी दाताच्या आकाराचा धातूचा तुकडा बसवला. तो निर्जीव तुकडा बरोबर वर आला! पालखी निघण्याआधी पुढची माणसं रस्ता मोकळा करतात, तसं हे काम पिशवी करते.

कसं? पिशवीचा वरचा भाग सीएसएफ-१ नावाचं प्रथिन सोडतो. त्याच्या हाकेनं रक्तातल्या मोनोसाइट पेशी तिथं जमतात. मग रँकएल या दुसऱ्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर त्या एकमेकींत मिसळून ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड विरघळवणाऱ्या मोठ्या पेशी बनतात. रँकएलला अडवणारं ओपीजी हे प्रथिन नेमकं याच वेळी कमी होतं. वरचं हाड विरतं, तर खालच्या बाजूला नवं हाड तयार होतं. शेवटी दातावरचं पातळ आवरण हिरडीच्या आवरणाला चिकटतं, मधल्या पेशी मरतात आणि वाट उघडते. म्हणून सहसा रक्त येत नाही. ऑस्टिओपेट्रोसिस या आजारात ऑस्टिओक्लास्ट नीट काम करत नाहीत, आणि त्या मुलांचे दात हाडातच अडकून राहतात.

एवढा सगळा खटाटोप नखाएवढ्या जागेत चालतो, त्यामुळे त्याच्या खुणाही बहुतेक तिथंच दिसतात. खालच्या समोरच्या हिरडीवर स्वच्छ बोट फिरवा: कड टणक, फुगीर, कधी पांढुरकी लागते. बाळ हाती येईल ते चावतं, हिरडी आणि कान चोळतं, चिडचिडतं. लाळेवर मात्र फार विसंबू नका. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लाळ तशीही वाढते आणि ती गिळणं बाळाला जमत नसतं.

२००० साली अमेरिकेत १२५ बाळांच्या रोजच्या नोंदी तपासल्या गेल्या. दात फुटण्याच्या आगेमागे मिळून आठेक दिवस चावणं, लाळ, चिडचिड, किंचित कढत अंग हे थोडं वाढलं होतं. जुलाब, उलटी, खोकला, मोठा ताप यांचा दाताशी संबंध दिसला नाही. आणि अमुक लक्षणांवरून दात येणार असं छातीठोक सांगता येईल, अशी एकही खूण सापडली नाही.

मग जुलाब कशानं? याच वयात उष्टावण होतं, आईकडून मिळालेली प्रतिद्रव्यं संपत आलेली असतात आणि रांगतं बाळ फरशीवरचं सगळं तोंडात घालतं. जंतूंना आणखी काय हवं!

वरचा दात आधी आला तर मामावर संकट, हे तर सोडूनच द्या. मामा बिचारा नुसता घाबरतो. ‘दातांच्या’ गोड गोळ्या जास्त काळजीच्या. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांना २०१७ मध्ये अशा काही होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोना हे विषारी द्रव्य लेबलावर लिहिल्यापेक्षा कितीतरी जास्त आढळलं होतं.

चावायला फ्रीजमध्ये गार केलेलं ओलं, स्वच्छ फडकं पुरतं. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर दाताला दोष न देता डॉक्टरकडे जा. जुलाब लागले तर दूध चालू ठेवून ओआरएस द्या. पहिला दात सहाव्या महिन्याच्या आसपास येतो, पण वाढदिवस बोळक्या तोंडानं साजरा झाला तरी बिघडत नाही. दीड वर्ष उलटूनही एकही दात दिसला नाही, तर दाखवून घ्यावं.