मिरची, वांगी, टोमॅटो: रोपं घरात कधी आणि कशी करायची
न्यू जर्सीतल्या आमच्या ग्राहकांसाठी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमची बियांची पाकिटं वाण म्हणून लुटणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. आम्हाला त्याचा आनंदच आहे. अडचण एवढीच, की पाकीट जानेवारीत हातात पडतं आणि हात शिवशिवायला लागतात. कुणीतरी त्याच आठवड्यात टोमॅटो पेरून मोकळं होतं. मार्च संपेपर्यंत ती रोपं लांबुळकी, फिकट, काडीच्या आधाराने उभी राहिलेली असतात आणि जमिनीत जायला अजून दीड महिना बाकी असतो. म्हणून पाकीट मिळालं की आधी कॅलेंडर काढा.

मेपासून मागे मोजा

मध्य न्यू जर्सीत शेवटचा फ्रॉस्ट साधारण एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत केव्हाही पडतो. इथले बरेच बागवाले मदर्स डेचा रविवार धरून टोमॅटो लावतात, आणि तो हिशोब चुकत नाही. मिरची आणि वांगी त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, रात्रीचं तापमान सलग ५५ अंशांच्या वर राहायला लागलं की. (सगळे अंश फॅरनहाइटमध्ये.) ससेक्सकडच्या डोंगराळ भागात राहत असाल तर आणखी आठवडा-दोन आठवडे थांबा.

आता उलटं मोजायचं. मिरचीला घरात ८ ते १० आठवडे लागतात, म्हणजे पेरणी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात. अगदी तिखट, सावकाश वाढणाऱ्या जाती फेब्रुवारीच्या शेवटी पेरल्या तरी चालतं. वांगी मार्चच्या मध्याला, मग ती भरताची असोत की भरल्या वांग्याची. टोमॅटोला ६ आठवडे पुरतात, म्हणजे मार्चचा शेवटचा आठवडा. उशीर झाला तर टोमॅटो भरून काढतो, मिरची नाही. तेव्हा एकाच गोष्टीला वेळ असेल तर मिरचीला द्या.

बियाला ऊब खालून हवी

"बी उगवलंच नाही" असे फोन आम्हाला सर्वात जास्त मिरचीबद्दल येतात, आणि बहुतेक वेळा बी चांगलं असतं, माती गार असते. घराचा थर्मोस्टॅट ६८ वर असला तरी ओली माती त्याहून थंड असते, आणि खिडकीच्या कट्ट्यावर रात्री तर फारच. ६८ अंशांना मिरचीचं बी वर यायला जवळजवळ दोन आठवडे घेतं. ८० अंशांना तेच काम आठ-नऊ दिवसांत होतं. साठच्या खाली गेलात तर तीन आठवडेही कमी पडतात, आणि तोवर अर्धं बी कुजतं. वांग्याची कथा वेगळी नाही.

ट्रेखाली ठेवायची हीट मॅट घ्या. एकदा घेतली की वर्षानुवर्षं चालते. नाही घ्यायची तर ओल्या पेपर टॉवेलमध्ये बी गुंडाळून झिपच्या पिशवीत घाला आणि पिशवी वायफाय राउटरवर ठेवा. मोड दिसला की लगेच मातीत लावा, मूळ लांब होऊ देऊ नका. ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ट्रे ठेवणारेही आहेत. आमचा त्याला विरोध आहे, कारण घरात कुणीतरी पिझ्झा करायला ओव्हन सुरू करतंच.

बी उगवेपर्यंत उजेड लागत नाही. पण पहिलं रोप वर डोकावलं की त्याच दिवशी मॅट बंद करा आणि दिवा लावा.

उजेडासाठी खिडकीवर विसंबू नका

दक्षिणेची खिडकी असली तरी फेब्रुवारी-मार्चचं ढगाळ ऊन रोपाला पुरत नाही. ते काचेकडे मान वळवतं आणि उंच होत जातं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा चार फुटी साधा एलईडी शॉप लाइट पुरेसा आहे. जांभळ्या उजेडाचे महागडे दिवे घेण्याची गरज नाही. दिवा रोपांच्या शेंड्यापासून ३-४ इंचांवर टांगा आणि रोपं वाढतील तसा वर घ्या. दिवसाला १४ ते १६ तास, टायमर लावून. रात्री मात्र अंधार हवा. जवळ एक छोटा पंखा मंद ठेवला तर खोड जाड होतं.

माती बागेतली नको. बी रुजवण्यासाठी मिळणारं हलकं मिश्रण आणा, भरण्याआधी कोमट पाण्याने ओलं करून घ्या. पाणी ट्रेमध्ये ओता, माती खालून ओढून घेते. अर्ध्या तासाने उरलेलं काढून टाका. वरून रोज शिंपडत राहिलं की मर लागते: काल उभी असलेली रोपं आज मातीलगत बारीक होऊन आडवी. त्यावर औषध नाही. ट्रे मोकळा करा, नीट धुवा आणि पुन्हा पेरा.

खरी पानं (बियातून निघालेल्या पहिल्या दोन पानांनंतर येणारी) दोन-चार आली की रोप मोठ्या भांड्यात हलवा. पार्टीचे लाल प्लास्टिकचे पेले, तळाला तीन भोकं, झालं काम. टोमॅटोचं खोड पानांपर्यंत मातीत गाडा, त्याला तिथून मुळं फुटतात. मिरची-वांगी मात्र होती तेवढ्याच खोलीवर लावा. यानंतर खत अर्ध्या मात्रेने.

वेल आणि बाकीचे

दोडका, दुधी, कारलं यांना मुळं हलवलेली आवडत नाहीत. ते घरात फक्त तीन आठवडे, एप्रिलच्या शेवटाकडे, एका पेल्यात एक बी. कारल्याचं कवच टणक असतं. नेलकटरने कडेला किंचित टवका काढा आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. भेंडी आणि गवार थेट जमिनीत, मेमोरियल डेच्या सुमारास. मेथी-कोथिंबिरीला तर घरात आणूच नका, त्यांना गारवा मानवतो. एप्रिलमध्ये बाहेर पेरा.

वालाच्या शेंगांबद्दल एक इशारा. आपल्याकडचे जुने वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. इथे उन्हाळ्याचा दिवस पंधरा तासांचा, त्यामुळे ते ऑगस्टभर नुसता वेल वाढवतात, सप्टेंबरात फुलतात, आणि शेंग धरते न धरते तोच ऑक्टोबरचा फ्रॉस्ट येतो. मोठ्या दिवसातही फुलणारी जात असेल तरच घ्या. आमच्याकडे नेमकी तीच मागा.

कढीपत्त्याचं बी आम्ही विकत नाही. ते ताजं असतानाच रुजतं, सुकवून पाकिटात भरलं की बहुतेक मेलेलं असतं.

आणि आईने गावाहून पुडीत बांधून दिलेलं बी बॅगेत टाकून आणू नका. परदेशातून बी आणायला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र किंवा अमेरिकी कृषी खात्याचा परवाना लागतो. विमानतळावर न सांगता आणलेलं बी जप्त होतं, वर दंडही होऊ शकतो.

बाहेर नेताना

इथे घाई करून दोन महिन्यांची मेहनत एका दुपारी घालवू नका. दिव्याखाली वाढलेलं रोप थेट उन्हात ठेवलं तर पानं पांढरी पडून करपतात. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं जास्त, चौथ्या-पाचव्या दिवसापासून सकाळचं ऊन. आठ-दहा दिवसांत पूर्ण उन्हाची सवय होते. वारा असेल त्या दिवशी घरातच. वांग्याची रोपं जमिनीत गेली की लगेच हलक्या पांढऱ्या कापडाने झाका, नाहीतर बारीक काळे उड्या मारणारे भुंगेरे पानांची चाळण करतात. फुलं आली की कापड काढा.

बी उगवलं नाही तर

पाकीट त्याच वर्षीचं असेल तर आम्ही बदलून देतो, पावती नसली तरी. फक्त फोन करण्याआधी स्वयंपाकघरातला थर्मामीटर कुंडीच्या मातीत खुपसा आणि आकडा सांगा. तो ७० च्या खाली असेल तर आधी ऊब द्या आणि आणखी दहा दिवस वाट पाहा.