ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी आपल्या कॅमेऱ्याची फाइल तपासा

नवा कॉम्प्युटर जुळवायला बसलं की ग्राफिक्स कार्डाची चर्चा हमखास गेमच्या आकड्यांवर जाते. कोणता गेम सेकंदाला किती फ्रेमने पळतो, हे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार तोंडपाठ सांगेल. घरच्या मुंजीचं किंवा सहलीचं चित्रीकरण कापून-जोडून नेटकं करायचं असेल, तर त्या आकड्यांचा उपयोग थोडाच. आधी बघायचा तो चिपवरचा एक छोटा, वेगळा भाग: व्हिडिओ डिकोडर, म्हणजे आकसून साठवलेली फाइल उलगडून दाखवणारा.

फोर-केच्या एका फ्रेममध्ये 3840 गुणिले 2160, म्हणजे जवळपास 83 लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगाला 3 बाइट धरले तर एक फ्रेम झाली 25 एमबीची. सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे मिनिटाला सुमारे 45 जीबी. आयफोन हेच मिनिट एचईव्हीसी या व्हिडिओ आकसून साठवण्याच्या पद्धतीने साधारण 170 एमबीत बसवतो. कारण संपूर्ण चित्र तो अधूनमधूनच साठवतो. मधल्या फ्रेममध्ये कोणता तुकडा कुठे सरकला, काय नवीन आलं, एवढीच नोंद असते.

जागा वाचते खरी, पण एडिटिंगला बसलं की ते जाणवतं. आई बटूच्या झोळीत भिक्षा घालते, नेमका तो क्षण पकडायला तुम्ही टाइमलाइनवर एक फ्रेम मागे जाता. ती फ्रेम तयार कुठेच नसते. आधीचं संपूर्ण चित्र शोधून तिथपासून एकेक नोंद लावत ती पुन्हा उभी करावी लागते. म्हणून पुढे सुरळीत चालणारा व्हिडिओ मागे सरकवताना अडखळतो. त्यात दोन कॅमेऱ्यांची दृश्यं एकात एक विरघळवायची असली की काम दुप्पट. हे सगळं एकट्या प्रोसेसरवर टाकलं तर त्याची दमछाक होते. डिकोडर मात्र याच कामासाठी घडवलेला असतो.

आता खरी मेख. तो डिकोडर तुमच्या फाइलचा प्रकार ओळखतो का? व्हिडिओ आकसण्याची एच.264 ही पद्धत 2003 ची, एचईव्हीसी 2013 ची. फोनच्या नेहमीच्या चित्रीकरणात चार बिंदूंमागे रंगाची एकच नोंद असते, त्याला 4:2:0 म्हणतात. ते अलीकडची सगळी कार्डं सहज उलगडतात. मिररलेस कॅमेरे मात्र अनेकदा 10 बिट 4:2:2 मध्ये चित्रीकरण करतात, म्हणजे छटा जास्त बारीक आणि रंगाच्या नोंदी दुप्पट. एनव्हिडियाच्या आरटीएक्स 40 मालिकेपर्यंतच्या कार्डांच्या डिकोडरला हा प्रकार पेलत नाही. 2025 मध्ये आलेल्या 50 मालिकेत ती सोय झाली. गंमत म्हणजे इंटेलच्या 11 व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स 4:2:2 एचईव्हीसी आधीपासून उलगडतं. त्यामुळे इंटेल घेणार असाल तर नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर टाळा, त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. वाचणाऱ्या चार पैशांपेक्षा ती सोय मोलाची आहे. वेगळं कार्ड लावल्यावर अंगचं ग्राफिक्स बंद पडलं असेल, तर बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावं लागतं.

रंग सुधारणं, इफेक्ट देणं, अंधारातल्या दृश्यातले दाणे काढणं, हे कार्डाच्या मुख्य भागाचं काम, आणि तिथे कार्डावरची मेमरी लागते. अचूकतेसाठी सॉफ्टवेअर एकेका बिंदूला 16 बाइटपर्यंत जागा देतं. मग फोर-केची एक फ्रेम जाते 130 एमबीच्या पुढे. दाणे काढायला तर शेजारच्या फ्रेमही हाताशी लागतात. फोर-केच्या साध्या कामाला 8 जीबी पुरते. मी मात्र 12 जीबीचा आग्रह धरेन, भले त्यासाठी एक पिढी जुनं कार्ड घ्यावं लागलं तरी.

तुम्हाला घ्यायचं आहे तसं कार्ड ओळखीच्या कुणाकडे असेल तर आपली फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जा. त्यांच्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ती चालवा आणि विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून जीपीयूच्या, म्हणजे ग्राफिक्स चिपच्या, पानावर डिकोडचा आलेख बघा. तो वर चढला तर कार्ड काम करतंय. तो तळाशी राहून प्रोसेसरचा आलेख 100 टक्क्यांना भिडला, तर ती फाइल उलगडायला या कार्डाचा उपयोग होत नाहीये.

पैसे देण्याआधी कार्डाची लांबी आणि कॅबिनेटमधली जागा टेपने मोजून घ्या, आणि पॉवर सप्लायला कार्डासाठी लागणारी जोडणी आहे ना, तेही बघा.