"वय झालं, विसरणारच!" हे खरं किती?

आजोबांनी चष्मा कुठे ठेवला ते विसरणं चालायचंच. पण रोजच्या वाटेवरून घर न सापडणं किंवा जन्मभर केलेल्या आमटीत आधी काय घालायचं हे न सुचणं, हे नुसतं वय नव्हे. डॉक्टरांना दाखवायलाच हवं. कधी कारण साधं निघतं: बी-१२ची कमतरता (शाकाहारी घरांत तर तपासाच), थायरॉईड, झोपेच्या गोळ्या. वेळीच उपचार झाले तर बराच फरक पडतो. डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाण्याचा आजार, हाही काही अंशी आपल्या हातात असतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाच्या २०२४च्या अहवालानुसार सुमारे ४५ टक्के रुग्णांमध्ये तो टाळता किंवा लांबवता येऊ शकतो. कारणांत रक्तदाब, मधुमेह आहेतच, शिवाय कमी ऐकू येणंही. आपल्याकडे बदाम रोज भिजतात, कानाचं मशीन मात्र लाजेपोटी कपाटात! ऐकू येईना की माणूस हळूहळू गप्पांतूनच बाहेर पडतो.