जुने गेम नव्या मशीनवर का अडतात?

‘नवा प्रोसेसर फार वेगवान, म्हणून जुने गेम त्यावर चालूच शकत नाहीत’ हा समज बरीच वर्षं फिरतो आहे. तो अगदीच निराधार नाही. डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरचे काही गेम घड्याळाकडे न बघता प्रोसेसरच्या वेगाने पळत, त्यामुळे वेगवान मशीनवर ते हाताबाहेर जात. पण गेम मुळीच सुरू न होण्याचं कारण सहसा वेगळं असतं: आजची ६४-बिट विंडोज जुन्या काळचे १६-बिट प्रोग्राम चालवत नाही. (कित्येकदा गेम ३२-बिटच असतो, अडतो तो त्याचा १६-बिट इन्स्टॉलर.)

पडताळायचं असेल तर तोच डॉस गेम डॉसबॉक्समध्ये उघडा. हा प्रोग्राम जुना प्रोसेसर आणि साउंड कार्ड यांची नक्कल करतो. गेम पळत सुटला तर कंट्रोल-एफ११ दाबा, वेग कमी होतो. रेंगाळला तर कंट्रोल-एफ१२.