पुस्तकातला बांगडा उचलायला बघणारं बाळ

नऊ-दहा महिन्यांच्या बाळासमोर चित्रांचं पुस्तक धरलं की ते काय करतं ते जरा नीट बघा. चित्रावर हात मारतं, नखांनी खरवडतं, चिमटीत धरून उचलायला बघतं, आणि नाहीच जमलं तर सरळ पानाला तोंड लावतं. आपण लगेच ओरडतो, अगो फाडतंय बघ ते, काढून घे. पण ते फाडत नसतं, तपासत असतं. ज्युडी डीलोश नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली यावर अभ्यास छापला, त्यात नऊ महिन्यांची बाळं चित्रातल्या वस्तू खऱ्या असल्यासारख्या उचलायला जात होती आणि दीड वर्षाच्या पुढची मुलं मात्र हात न लावता बोट दाखवत होती. आयव्हरी कोस्टमधल्या बेंग लोकांच्या गावातल्या बाळांनाही तीच चित्रं दाखवली, तिथे घरात चित्रंबित्रं फारशी नसतात, तर त्यांनीही तेच केलं. म्हणजे पानावरचा बांगडा हा बांगडा नाही, बांगड्याचं चित्र आहे, ही गोष्ट आपल्याला इतकी उघड वाटते पण ती माणसाला शिकावी लागते, आणि त्यात जवळजवळ दीड वर्ष जातं.

हे सगळं सांगायचं कारण असं की दुकानात पुस्तक घेताना आपण बघतो काय, तर रंग छान आहेत का, कव्हर चकचकीत आहे का, आणि फार तर "किती वर्षांच्या मुलासाठी" ते मागे छापलेलं. रत्नागिरीच्या बाजारात घ्या नाहीतर जत्रेतल्या स्टॉलवर घ्या, सगळ्यात आधी उचलली जातात ती पान उघडलं की हत्ती उभा राहणारी, झडप ओढली की माकड बाहेर येणारी, बटण दाबलं की गाणं वाजणारी. मुलं खूश, आईबाप खूश, स्टॉलवाला तर सगळ्यात खूश. पण 2010 साली टेअर, चिओंग, गॅनिया आणि डीलोश यांनी नेमकं हेच तपासलं, दीड-दोन वर्षांच्या मुलांना एका प्राण्याचं नवं नाव पुस्तकातून शिकवलं, काहींना उभ्या राहणाऱ्या चित्रांच्या पुस्तकातून, काहींना साध्या फोटोंच्या. साध्या फोटोवाल्या मुलांना ते नाव जास्त चांगलं कळलं. झडपवाल्या पुस्तकात मूल झडपेशी खेळतं, प्राणी राहतो बाजूला. असलं पुस्तक घेऊच नये असं नाही, खेळणं म्हणून घ्या की, पण मग त्याच्याकडून शब्द शिकवण्याची अपेक्षा ठेवू नका आणि मागच्या बाजूला 'ज्ञानवर्धक' छापलंय म्हणून शंभर रुपये जास्त देऊ नका.

मग निवडायचं कशावरून? माझं सरळ मत आहे की ज्या पुस्तकावर मूल बोलायला लागतं ते चांगलं पुस्तक, बाकी सगळं नंतर. आणि हे नुसतं माझं मत नाही. 1988 साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या आईवडलांचे दोन गट केले. पुस्तकं दोघेही वाचून दाखवत होते, पण एका गटाला सांगितलं की नुसतं वाचू नका, विचारा, आणि "हे काय आहे" एवढ्यावर थांबू नका, "हा काय करतोय, मग काय झालं" असं विचारा, आणि मूल जे बोलेल ते उचलून त्यात थोडी भर घालून परत त्याच्याकडे द्या. फक्त एक महिना. महिन्यानंतर बोलण्याच्या एका चाचणीत या गटातली मुलं दुसऱ्या गटाच्या साडेआठ महिने पुढे होती! मुलं थोडीच होती, सगळी मध्यमवर्गीय अमेरिकन घरातली, त्यामुळे साडेआठ हा आकडा भिंतीवर लिहून ठेवू नये, पण पुढे इतर ठिकाणीही ही पद्धत वापरून बघितली गेली आणि फायदा कमीजास्त असला तरी दिशा तीच राहिली.

आता हीच पद्धत आमच्याकडच्या एखाद्या पडवीत कशी दिसते ते सांगतो. मालवणकडची एक आजी, तिला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही आणि चष्मा कधी जागेवर सापडत नाही, नात अडीच वर्षांची, मांडीवर पुस्तक. चित्रात वाळूवर एक कुर्ली, म्हणजे खेकडा, अर्धी बिळाबाहेर.

"ह्यां काय गो बाय?"

"कुर्ली."

"हां, तांबडी कुर्ली. खंय चलली ती?"

"घराक."

"कोणाच्या घराक?"

"तिच्या आवशीच्या."

खाली छापलेलं वाक्य काय होतं ते दोघींनाही माहीत नाही. पण बघा, मुलीच्या एका शब्दाला आजीने 'तांबडी' जोडलं, मग असा प्रश्न विचारला ज्याचं उत्तर पानावर नव्हतंच, आणि मुलीने स्वतःची गोष्ट सुरू केली. व्हाइटहर्स्ट साहेबांनी आईवडलांना शिकवलं ते हेच, आजी न शिकता करत होती. म्हणून ज्यांना वाटतं की आपलं वाचन कच्चं आहे, आपल्याला प्रमाण मराठी नीट येत नाही, मुलाला आपण काय वाचून दाखवणार, त्यांनी हे मनातून काढून टाका. पुस्तकातलं वाक्य पुस्तकाच्या मराठीत वाचा आणि गप्पा मालवणीत मारा, संगमेश्वरीत मारा, आगरीत मारा, मुलाला दोन्ही कानावर पडतात आणि काही गोंधळबिंधळ होत नाही.

दुकानात उभं राहून पुस्तक तपासायचं असेल तर मधलं कुठलंही पान उघडा आणि मजकूर न वाचता चित्राकडे अर्धा मिनिट बघा. समजा बंदरावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतायत, वीस माणसं दोरीला लागलीत, आणि मागे कोपऱ्यात एक कुत्रा मासा घेऊन पळतोय आणि त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नाही. मजकुरात कुत्र्याचा उल्लेख नाही. असं पान असेल तर पुस्तक घ्या डोळे मिटून, कारण तो कुत्रा तुमच्या आधी तुमच्या मुलाला दिसणार आहे. वाचता न येणारी मुलं पुस्तकात कुठे बघतात ते डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्राने बघितलंय, 2005 मध्ये इव्हान्स आणि सेंट-ऑबिन यांनी, आपण वाचत असताना मुलं अक्षरांकडे जवळजवळ बघतच नाहीत, त्यांचे डोळे सगळा वेळ चित्रावर फिरत असतात. आपण ऐकवतो एक पुस्तक आणि मूल बघत असतं दुसरंच. म्हणून चित्र जर मजकुराची नुसती नक्कल असेल, "हा चेंडू आहे" आणि वर चेंडू, तर पहिल्या दिवशी ठीक आहे पण तिसऱ्या दिवशी बोलायला काही उरत नाही.

पण याला एक दुसरी बाजू आहे. पानं खच्चून भरलेली असली की लहान मुलाला कळत नाही तुम्ही कशाबद्दल बोलताय. ससेक्स विद्यापीठातल्या फ्लॅक आणि हॉर्स्ट यांनी दाखवलं की समोरासमोरच्या दोन्ही पानांवर मोठी चित्रं असली तर साडेतीन वर्षांच्या आसपासची मुलं नवे शब्द कमी शिकतात, एकाच पानावर चित्र असलं की जास्त. आणि उपाय इतका साधा निघाला की हसू येतं, वाचायच्या आधी त्या पानावरून हात फिरवून दाखवला की मुलं परत नीट शिकायला लागली. त्यामुळे दोन वर्षांच्या आत एका पानाला एक चित्र, मागे मोकळी जागा, हे बरं, आणि गजबजलेली बाजाराची, बंदराची, एसटी स्टँडची चित्रं तीनच्या पुढे, बोट ठेवून ठेवून.

प्राण्यांच्या गोष्टींबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण आपल्याकडे मुलांचं पुस्तक म्हणजे कोट घातलेला ससा हे समीकरणच झालंय. गॅनिया आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना अनोळखी प्राण्यांची पुस्तकं वाचून दाखवली, काहींत प्राणी जसे असतात तसे आणि काहींत माणसांसारखे बोलणारे-वागणारे. माणसांसारख्या प्राण्यांच्या पुस्तकांनंतर खऱ्या प्राण्यांनाही माणसासारखे विचार आणि भावना असतात असं मुलं जास्त सांगायला लागली, आणि प्राण्यांची खरी माहिती शिकण्यातही ही पुस्तकं मागे पडली. दुसरा अभ्यास त्याहून मजेशीर, टोरांटोमध्ये लार्सन, ली आणि गॅनिया यांनी वाटून घेण्याबद्दलची एकच गोष्ट दोन प्रकारे केली, एकीत माणसं, एकीत कपडे घातलेले प्राणी. गोष्टीनंतर मुलांना स्वतःचे स्टिकर दुसऱ्या मुलाला द्यायची संधी दिली. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आधीपेक्षा जास्त दिले, प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्यांनी नाही. म्हणजे 'संस्कार' करायला म्हणून जी कोल्ह्या-सशाची पुस्तकं आपण आणतो ती त्याच कामाला कमी पडतात.

याचा अर्थ चिऊ-काऊला घराबाहेर काढा असा अजिबात नाही हं. शेणाचं घर वाहून जातं आणि कावळा दार वाजवत बसतो ही गोष्ट पावसाळ्यात कौलांवर पाणी कोसळत असताना सांगून बघा, मुलं तेच तेच वाक्य दहा वेळा तुमच्याबरोबर म्हणतात, आणि तेच तिचं काम आहे, कावळ्याची माहिती देणं हे नाही. फक्त माहिती हवी तेव्हा माहितीचं पुस्तक आणा. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला किंवा दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याला कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मुलाला नेणार असाल तर आदल्या रात्री फ्रॉक घातलेल्या कासवाचं पुस्तक नको, वाळूत अंडी घालणाऱ्या, साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येणाऱ्या खऱ्या कासवाचं हवं, चित्रं शक्य तितकी खऱ्यासारखी. लहान मुलं पुस्तकात शिकलेलं नाव बाहेरच्या खऱ्या वस्तूला लावू शकतात का हेही तपासलंय, आणि चित्र जितकं खऱ्यासारखं तितकं ते जास्त जमतं, कार्टूनवरून कमी.

आणि पुस्तकातली वस्तू जवळपास असेल तर पुस्तकाशेजारी ती ठेवा. ह्यात कोकणाला बाहेरून काही शिकायची गरज नाही खरं तर. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला, समुद्राच्या अगदी काठावर, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसोरीची महागडी साधनं गावात परवडणारी नव्हती, मग शिंपले, बिया, पानं, दगड, जे आजूबाजूला पडलेलं आहे त्यातूनच साधनं झाली. रातांब्याचं, म्हणजे कोकमाच्या फळाचं, चित्र आणि हातात रातांबा, यापुढे कुठलं बटणवालं पुस्तक टिकेल?

मात्र आपल्या परिसराचीच पुस्तकं हवीत असं म्हणत गेलो तर तेही चुकेल. माड, होडी, फणस हे मुलाला घरात बोलताना रोज ऐकू येतंच. माँटॅग, जोन्स आणि स्मिथ यांनी 2015 मध्ये 100 चित्रपुस्तकांतले शब्द आणि आईबाप लहान मुलांशी रोज बोलतात ते शब्द असे शेजारी ठेवून मोजले, तर पुस्तकांत वेगवेगळ्या शब्दांची संख्या जास्त निघाली. साहजिकच आहे, आपण दिवसभर "जेव, ये, नको, पडशील" एवढंच बोलत असतो. बर्फ, वाळवंट, उंट, मेट्रो हे देवगडच्या मुलाला पुस्तकातूनच भेटणार. तेव्हा एक पाय ओळखीच्या अंगणात आणि एक पाय बाहेर, असं पुस्तक मला सगळ्यात आवडतं, उदाहरणार्थ मच्छी मार्केटातली गोष्ट पण गाव दुसऱ्याच समुद्राचं.

तेच पुस्तक परत परत वाचायला लावतात म्हणून वैतागलेले आईबाप खूप भेटतात. वैतागा, पण वाचा. 2011 मध्ये जेसिका हॉर्स्ट यांच्या गटाने तीन वर्षांच्या मुलांना एका आठवड्यात काहींना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा आणि काहींना वेगवेगळ्या गोष्टी ऐकवल्या, नवे शब्द सगळ्यांच्या कानावर सारख्याच वेळा पडले, तरी तीच गोष्ट ऐकणाऱ्यांना ते जास्त लक्षात राहिले. गोष्ट आधीच माहीत असली की डोकं नव्या शब्दाकडे लावायला मोकळं राहत असावं. त्यामुळे महिन्याला दहा पुस्तकांचा गठ्ठा आणण्यापेक्षा दोन आणा, पण अशी आणा की विसाव्या वेळी वाचताना तुम्हाला स्वतःला झोप येणार नाही, कारण झोप आलेल्या माणसाचा आवाज मुलाला बरोब्बर कळतो.

पैशांचं म्हणाल तर नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं बऱ्यापैकी स्वस्त मिळतात, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर 2015 पासून चित्रपुस्तकं फुकट आहेत, मराठीतही, छापून घ्यायलाही परवानगी आहे. माझं ऐकाल तर छापूनच घ्या, झेरॉक्सवाल्याकडे रंगीत प्रिंट आणि स्टेपलर, झालं पुस्तक. कारण 2019 मध्ये मुन्झर आणि सहकाऱ्यांनी आईबाप आणि तान्ह्यांहून जरा मोठी मुलं टॅबवर आणि कागदावर पुस्तक वाचताना बघितली तेव्हा कागदावर दोघंही गोष्टीबद्दल जास्त बोलत होते, टॅबवर बोलणं होतं ते "थांब, तिथे दाबू नको" असलं.

राहता राहिला आपला पाऊस. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं जुलैपर्यंत फुगतात, गुळगुळीत कागदाची ओली पानं एकमेकांना चिकटली की सोडवताना चित्रासकट निघतात, आणि कसर लागते ती वेगळी. पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवू नका, मध्ये हवा खेळेल अशी उभी ठेवा, रोज हाताळलेल्या पुस्तकाला तशीही बुरशी कमी धरते, आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की दोन दिवस अंगणात सावलीच्या कडेला पसरा. कपाटात डांबरगोळ्या मात्र टाकू नका, दीड वर्षाचं मूल त्या गोळ्या चॉकलेट समजून तोंडात घालतं आणि त्या विषारी असतात, काही मुलांमध्ये तर त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.