ॲनिलिनची मोकळी जोडी

नुकतंच ऊर्ध्वपातन केलेलं ॲनिलिन रंगहीन, तेलकट असतं. पण बाटलीत भरून ठेवलं की हवा आणि उजेड त्याला सुखानं राहू देत नाहीत. आधी पिवळट, मग लालसर तपकिरी. प्रयोगशाळेच्या कपाटात ते बहुधा याच काळवंडलेल्या रूपात भेटतं. बेंझीनच्या कड्यावरच्या एका हायड्रोजनच्या जागी अमिनो गट बसला की ॲनिलिन झालं. रेणू एवढा साधा, पण त्याचे बरेचसे गुण-अवगुण नायट्रोजनवरच्या इलेक्ट्रॉनांच्या एका मोकळ्या, म्हणजे कुठल्याही बंधात न गुंतलेल्या, जोडीमुळे आहेत.

ते बनवायची पाठ्यपुस्तकी रीत अशी: नायट्रोबेंझीन, कथलाचे तुकडे आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल. मिश्रण इतकं तापतं की आम्ल थोडं थोडं घालावं लागतं आणि फ्लास्क मधूनमधून गार पाण्यात धरावा लागतो. कडू बदामासारखा वास गेला की नायट्रोबेंझीन संपलं, असं पूर्वी ओळखत. (दोन्ही द्रव विषारी आहेत, वास घेत बसू नये हेच खरं.) या टप्प्याला ॲनिलिन कुठेच दिसत नाही, कारण ते आम्लाशी क्षार होऊन विरघळलेलं असतं. कॉस्टिक सोडा भरपूर ओतला की तेल सुटं होतं. त्यातून वाफ सोडायची. ॲनिलिनचा उत्कलनांक १८४ अंश सेल्सिअस, पण वाफेच्या सोबतीनं ते शंभराच्या आतच निघून येतं आणि पलीकडे दुधाळ पाणी जमतं. कारखान्यात हे सोपस्कार नसतात. तिथं उत्प्रेरकावर हायड्रोजन वायूनंच क्षपण करतात (ऑक्सिजन काढून हायड्रोजन जोडतात), आणि तयार झालेलं बहुतेक ॲनिलिन पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या कच्च्या मालाकडे जातं.

आता ती जोडी. अमोनियात ती नायट्रोजनपाशीच असते, हायड्रोजन आयन आला की त्याला लगेच मिळते. ॲनिलिनमध्ये मात्र ती निम्मीशिम्मी कड्यात ओढली जाते. म्हणून ॲनिलिन हे अमोनियाच्या मानानं फारच दुबळं आम्लारी (बेस). नायट्रोजनचं जे गेलं ते कड्याला मिळतं, आणि कडं भलतंच उतावीळ होतं. साध्या बेंझीनवर ब्रोमीन चढवायला लोहासारखा उत्प्रेरक लागतो. ॲनिलिनमध्ये नुसतं ब्रोमीनचं पाणी टाका, क्षणात पांढरा अवक्षेप. एक नाही, तीन ब्रोमीन बसलेले असतात.

एकच हवा असेल तर? जोडीला दुसरीकडे गुंतवायचं. ॲसेटिक ॲनहायड्राइडनं ॲसेटॅनिलाइड करायचं. मग नायट्रोजनची जोडी ॲसेटिल गटाकडेही ओढली जाते आणि कडं निवतं. ब्रोमीन मुख्यतः समोरच्या टोकाला बसतो, शेवटी ॲसेटिल गट काढून टाकायचा. हेच ॲसेटॅनिलाइड १८८६ पासून ‘अँटिफेब्रिन’ या नावानं ताप उतरवायला दिलं जाई. ताप उतरे, पण काही रुग्णांचे ओठ निळे पडत. शरीर त्यातल्या थोड्या भागाचं पुन्हा ॲनिलिन करतं, आणि त्यापासून होणारे पदार्थ हिमोग्लोबिनमधलं लोह ऑक्सिजन वाहायला निकामी करतात. उरलेल्या बऱ्याचशा भागाचं शरीरातच पॅरासिटामॉल होतं. खरं औषध तेच होतं, हे १९४८ मध्ये ब्रॉडी आणि ॲक्सलरॉड या अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं.

ॲनिलिनपासूनच्या रंगांची गोष्ट विल्यम पर्किन या इंग्रज रसायनज्ञापासून सांगायची पद्धत आहे. १८५६ साली अठरा वर्षांचा हा मुलगा ॲनिलिनपासून क्विनीन हे मलेरियावरचं औषध बनवायला गेला आणि हाती जांभळा रंग लागला. त्याच्या ॲनिलिनमध्ये टोल्युइडिन या त्याच्याच भाऊबंद रेणूची भेसळ होती. शुद्ध माल असता तर तो रंग मिळालाच नसता. पण मला त्याहून मोठी वाटते ती पीटर ग्रीस या जर्मन रसायनज्ञाची १८५८ ची डायझो अभिक्रिया. आम्लात विरघळलेलं ॲनिलिन बर्फात ठेवून त्यात सोडियम नायट्राइट घालायचं, तापमान पाच अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. मग नायट्रोजनच्या दोन अणूंची जोडगोळी कड्याला चिकटलेला डायझोनियम क्षार मिळतो. द्रावण तापवलं तर बुडबुडे येऊन नायट्रोजन निघून जातो आणि फिनॉल उरतं. क्षार कोरडा केला तर स्फोटाची भीती. म्हणून तो गारच ठेवून, साठवत न बसता वापरतात. अल्कात विरघळवलेल्या बीटा नॅफ्थॉलमध्ये (फिनॉलसारख्याच, पण दोन कड्यांच्या पदार्थात) त्याचे थेंब टाकले की नारिंगी-लाल रंगाचा साका धरतो. कापडरंगाईत तर आधी सूत नॅफ्थॉलमध्ये भिजवून मग अशा गार द्रावणात बुडवतात. रंग धाग्याच्या आतच तयार होतो, आणि पाण्यात विरघळत नसल्यामुळे धुतला तरी सहजी जात नाही.